खेळाच्या आणि जगाच्या बातम्यांतून रोजच्या दिवसासाठी काय घ्यावे?

ऐरोलीत राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज बेलापूरला जाणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. त्या लिहितात की सकाळी लोकलमध्ये त्या नियमाने खेळाच्या आणि जगभरातील घडामोडींच्या बातम्या वाचतात. एखादे पदक किंवा एखादी थरारक सुटका वाचून मन भरून येते, आपणही काही करावे असे वाटते, पण ऑफिसात कामाला हात घातला की ते सारे विरून जाते. त्यांची मुलगी नववीत आहे, शाळेच्या खो-खो संघात राखीव खेळाडू आहे, आणि तिला अशा बातम्या दाखवल्या की ती म्हणते, "हे लोक वेगळेच असतात, आपल्याला काय त्याचे?" बातम्यांतून रोजच्या जगण्याला पुरेल असे काही खरोखर मिळते का, आणि मिळत असेल तर ते कसे काढावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ठाण्यात मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंना प्रशिक्षण देत आलो आहे, आणि सराव संपल्यावर मुलांसोबत त्या दिवसाचे वर्तमानपत्र वाचणे हा आमच्या वर्गाचा जुना परिपाठ आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की बातमीतून नक्कीच मिळते, मात्र बहुतेक जण वाचता वाचता एक पायरी आधी थांबतात. मथळ्यात निकाल असतो. निकाल वाचून आनंद होतो, अभिमान वाटतो, कधी डोळेही पाणावतात. परंतु पदक आपल्याला उचलून घरी नेता येत नाही. त्या निकालाच्या मागे कुठेतरी असा एक क्षण असतो, जिथे त्या माणसापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने त्यांपैकी एक धरली. तो क्षण सापडेपर्यंत बातमी वाचत जावे, कारण दोन वाटा आपल्यापुढेही रोज येतात, आणि तेवढ्याच जागेवर आपले आणि त्या माणसाचे जगणे एकमेकांना मिळते.

हे नुसते सांगून कळत नाही, म्हणून आम्ही बर्मिंगहॅमची एक बातमी कशी वाचली ते सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याने तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले. १९९८ पासूनच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे जात होती. अविनाशने ती साखळी तोडली. त्याची वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद होती आणि सुवर्ण जिंकणाऱ्या अब्राहम किबिवोट याची ८ मिनिटे ११.१५ सेकंद. बातमी मोठ्याने वाचून झाल्यावर एक मुलगा हळहळला, "सर, पाच शतांश सेकंदांनी गेले हो!" मी त्यांना एवढेच विचारले की हे पाच शतांश नेमके गेले कुठे. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे एकूण पस्तीस. एका मुलीने बोटांवर हिशेब केला आणि सांगितले की पस्तीसांवर वाटले तर प्रत्येक अडथळ्याच्या वाट्याला दीड सहस्रांश सेकंदही येत नाही. मग शेवटची पाण्याची उडी, वळणावरची आतली बाजू, शेवटच्या क्षणी छाती पुढे झुकवणे अशी एकेक जागा मुलांनीच काढली, आणि अशी एकच एक जागा दाखवता येत नाही हेही त्यांच्याच लक्षात आले.

त्यानंतर मी त्यांना त्याच सकाळच्या आमच्या सरावाकडे आणले. चारशे मीटरच्या फेऱ्या मारताना जवळजवळ प्रत्येक मुलाला एक खोड असते, ती म्हणजे रेषा दोन-तीन पावलांवर आली की पाय सोडून देणे. घड्याळ थांबलेले नसते, पण मन थांबलेले असते. त्यात वाईट हेतू नसतो. दमलेल्या शरीराला रेषा दिसली की काम संपल्यासारखे वाटते, इतकेच. त्या दिवशी मुलांनी आपणहून ठरवले की रेषेच्या पलीकडे पाच पावले जाईपर्यंत वेग कमी करायचा नाही. अविनाशसारखे धावणे त्यांच्यापैकी कोणाला जमणार होते असे नाही, पण रेषा ओलांडेपर्यंत धावणे प्रत्येकाला जमण्यासारखे होते, आणि म्हणून ते टिकले. आपल्या ऑफिसच्या कामातही अशी एक रेषा असणार. अहवाल पूर्ण झाला, फक्त आकडे पुन्हा एकदा पडताळायचे राहिले. ग्राहकाला उत्तर दिले, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचले का हे पाहायचे राहिले. बर्मिंगहॅमची बातमी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी एका कामाची शेवटची पाच पावले पूर्ण वेगाने टाकली, तर ती बातमी बेलापूरच्या स्थानकावर विरणार नाही.

आता आपल्या शेजारच्या मैदानाकडे येऊ. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला, तेव्हा नवी मुंबईत रात्री उशिरापर्यंत लोक रस्त्यावर होते. पण शिकण्यासाठी मी त्याच मैदानावरचा तीन दिवस आधीचा उपांत्य सामना निवडतो. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा यशस्वी पाठलाग तोवर कोणी केला नव्हता. भारताने तो केला, जेमिमा रॉड्रिग्जने १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तिचे हात जोडलेले, अश्रूंनी भरलेले छायाचित्र होते.

ते छायाचित्र पाहून थांबणाऱ्याला काय मिळेल? डोळ्यांत पाणी येईल, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या आधीचे दोन-तीन आठवडे पाहा. या स्पर्धेत जेमिमा दोनदा शून्यावर बाद झाली. भारत लागोपाठ तीन सामने हरला आणि त्यांतल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघातून वगळण्यात आले. त्याआधी २०२२ च्या विश्वचषकासाठी तर तिची निवडही झाली नव्हती. उपांत्य सामन्यानंतर पत्रकारांसमोर तिने मोकळेपणाने सांगितले की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, मनात चिंता दाटलेली असे, आईला फोन करून ती रडत असे, आणि सहकारी मैत्रिणी तिच्या सोबतीला बसत. आपण तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला जाणार हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. तिची शंभरी पूर्ण झाली तेव्हा तिने जल्लोष केला नाही, कारण धावा अजून बाकी होत्या. ८२ वर असताना तिचा झेल सुटला होता, हेही लक्षात ठेवावे. नशिबाचा वाटा झाकून ठेवला तर बातमी खोटी होते, आणि खोट्या बातमीतून घेतलेला धडा पहिल्याच धक्क्याला मोडतो.

यात दोन वाटा कुठे होत्या? माझ्या मते फलंदाजीत नव्हे, त्या फोनमध्ये होत्या. वाईट दिवसांत माणूस दार लावून घेतो. आपल्याकडे तर 'घरच्यांना कशाला काळजी' म्हणून गप्प राहणे हाच शहाणपणा समजला जातो. तिने गप्प न राहता आईला फोन केला आणि मैत्रिणींना जवळ बसू दिले. आमच्या वर्गातली एक मुलगी गुडघ्याच्या दुखण्याने बरेच दिवस सरावाला येऊ शकत नव्हती आणि कोणाशी बोलतही नव्हती. ही बातमी आम्ही वाचली तेव्हा ती मैदानाच्या कडेला येऊन बसली होती. तिला कोणी काही उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यापासून ती इतरांच्या फेऱ्यांच्या वेळा नोंदवायला येऊ लागली. बातमीने केले ते एवढेच, आणि तेवढे पुष्कळ होते.

येथे वाचण्याच्या साधनाबद्दल सांगणे आवश्यक आहे. ही सगळी माहिती पत्रकार परिषदेच्या आणि सामन्यांच्या सविस्तर वृत्तांतून मिळते. ती तीस सेकंदांच्या रीलमध्ये नसते. रील शेवटचा षटकार दाखवते, मागे चढते संगीत लावते आणि पुढे सरकते. व्हॉट्सअॅपवर फिरणारी, खेळाडूच्या छायाचित्राशेजारी एखादे तेजस्वी वाक्य छापलेली चित्रे तर मी मुलांना वर्ज्यच केली आहेत, कारण ते वाक्य त्या खेळाडूने उच्चारले आहे की नाही हे बहुधा कोणी तपासलेले नसते. शक्यतो खेळाडूने स्वतः दिलेली मुलाखत पाहावी किंवा सविस्तर वृत्तांत वाचावा, आणि तोही घटनेनंतर चार-आठ दिवसांनी. पहिल्या दिवशी सगळेच 'इतिहास घडला' असे लिहितात. तो कसा घडला हे आठवड्याने लिहिले जाते. लोकलमध्ये दहा मथळे वाचण्याऐवजी एकच जुनी बातमी पूर्ण वाचली, तर हाती अधिक लागेल असे माझे ठाम मत आहे.

आपल्या मुलीचे म्हणणे, 'हे लोक वेगळेच असतात', हे मात्र मला फार महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये अशी विनंती आहे. ती काही अंशी बरोबर बोलते आहे. असामान्य शरीर, असामान्य चिकाटी आणि योग्य वेळी मिळालेली संधी या तिन्ही गोष्टी एकत्र येणे दुर्मीळच. एका विजेत्यामागे तितकेच कष्ट केलेले शेकडो जण असतात आणि त्यांची बातमी होत नाही. 'कष्ट केले की यश मिळतेच' असे मुलांना सांगणे मी कधीचे सोडले आहे; मैदानावर ते रोज खोटे ठरताना मुले स्वतःच पाहतात. पण बातमीत फक्त विजेता नसतो, आणि येथेच मुलांची, तसेच आपल्यासारख्या मोठ्या माणसांचीही, खरी जागा सापडते.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. तांबड्या मातीत घडलेल्या खाशाबांना मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीची गाठ तिथेच पडली. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. हे सगळ्यांना पाठ असते. पण हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनीही वर्गणी काढली, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून त्यातून आलेल्या पैशांतून आधी ते घर सोडवून दिले, हा भाग फारच थोडे जण वाचतात. त्याच स्पर्धेत एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीसाठी उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. म्हणजे एकाच माणसाच्या हकिकतीत, वेळेवर उभा राहिलेला माणूस काय करू शकतो आणि वेळेवर नसलेला माणूस काय घालवू शकतो, हे दोन्ही दिसते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला खाशाबा होणे येणार नाही. खर्डेकर होणे मात्र येऊ शकते, आणि त्यासाठी दरवेळी घर गहाण ठेवावे लागते असेही नाही. संघातल्या मुलीला परगावच्या स्पर्धेसाठी बूट नसतील, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याची बाजू बैठकीत मांडायला कोणी नसेल, सोसायटीतल्या एखाद्या मुलाला पहाटे मैदानावर सोडायला कोणी नसेल. बातमी वाचताना 'मी याच्या जागी असते तर' असे मनात येते, त्याच्या जोडीला 'मी याच्या शेजारी असते तर' हेही स्वतःला विचारावे. हा प्रश्न मुलांना विचारायला लागल्यापासून आमच्या वर्गात भारावून जाणे कमी झाले आणि एकमेकांच्या उपयोगी पडणे वाढले.

याच ओघात भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्याबद्दल थोडे. १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतके केली, आणि भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. खेळ सोडून देण्याइतके हे कारण मोठे होते. ते खेळात राहिले, २०२३ मध्ये महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि विश्वचषकाच्या रात्री नेरुळच्या मैदानावर होते. हे वाचून 'थांबा, तुमचाही दिवस येईल' असा निष्कर्ष काढू नये, कारण अनेकांचा दिवस येत नाही. मला त्यात दिसते ते असे की कडवटपणा न धरता त्यांनी आपले ज्ञान पुढच्यांच्या हाती दिले. तो निर्णय त्यांच्या हातात होता, चषक नव्हता.

जगाच्या बातम्या वाचण्याची रीत याहून फार वेगळी नाही, फक्त तिथे प्रेरणेपेक्षा सावधपणा अधिक शिकायला मिळतो, आणि मी त्याला कमी लेखत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या लहान विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानाने पेट घेतला, पण त्यातील ३७९ जण बाहेर पडले, सगळेच्या सगळे. वृत्तवाहिन्यांनी याला चमत्कार म्हटले. तपशील वाचला तर वेगळेच दिसते. आठपैकी फक्त तीन दरवाजे वापरण्यासारखे होते. कोणता उघडायचा हे बाहेरची आग पाहून ठरवावे लागले. आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी कर्णा आणि स्वतःचा आवाज वापरला. प्रवाशांनी डोक्यावरच्या कप्प्यांतल्या बॅगा घेतल्या नाहीत. आणि या साऱ्याच्या मागे एक जुने दुःख आहे: १९८५ मध्ये याच कंपनीचे विमान कोसळून ५२० माणसे गेली होती. २००६ मध्ये कंपनीने त्या विमानाचे अवशेष एका केंद्रात मांडले आणि आपल्या कर्मचाऱ्यांना ते दाखवून प्रशिक्षण देण्याचा पायंडा पाडला. आपली सर्वांत वाईट चूक झाकून न ठेवता नव्या माणसाला पहिल्यांदा तीच दाखवायची, हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

ही बातमी वाचल्यावर त्याच संध्याकाळी मी लिफ्ट सोडून आमच्या इमारतीचा जिना वरपासून खालपर्यंत उतरून पाहिला. दोन मजल्यांवर चपलांची कपाटे जिन्यात आली होती, एका वळणावर सायकल लावलेली होती, आणि गच्चीच्या दाराला कुलूप असून किल्ली कोणाकडे आहे हे वॉचमनला सांगता आले नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी हानेदाचीच हकिकत सांगितली, आणि एरवी कपाटावरून जी वादावादी झाली असती ती झाली नाही. कपाटे आत गेली, किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत लागली. घोडबंदर रस्त्यावर आणि पाम बीचच्या कडेने उंच इमारतींमध्ये आपण हजारोंनी राहतो. टोकियोची बातमी आपल्या जिन्यापर्यंत यायला एवढा एक प्रश्न पुरतो, की यातले आपल्याकडे काय आहे आणि काय नाही.

प्रशिक्षक म्हणून माझ्या मनात घर करून राहिलेली बातमी थायलंडची आहे. २३ जून २०१८ रोजी सराव संपल्यावर एका फुटबॉल संघातील बारा मुले आणि त्यांचे पंचवीस वर्षांचे सहायक प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत शिरले आणि पावसाच्या पाण्याने बाहेरची वाट बंद झाली. २ जुलैला ब्रिटिश पाणबुड्यांना ते जिवंत सापडले आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्वांना बाहेर काढण्यात आले. या मोहिमेत हवेच्या टाक्या पोहोचवताना समान कुनान हे माजी नौदल पाणबुडे मृत्युमुखी पडले, त्यांचे नाव या हकिकतीसोबत नेहमी घेतले पाहिजे. गुहेत त्या प्रशिक्षकाने मुलांना शांत बसून ध्यान करायला शिकवले, ताकद राखायला सांगितले, भिंतीवरून झिरपणारे पाणी प्यायला दिले. सुटकेच्या थरारापेक्षा मला मोठी वाटते ती पत्रे. त्याने आतून पालकांची क्षमा मागणारी चिठ्ठी पाठवली, आणि पालकांनी, आपली मुले अजून पाण्यापलीकडे अडकलेली असताना, त्याला कळवले की आम्ही कोणीही तुम्हाला दोष देत नाही, स्वतःला सांभाळा. संकट चालू असताना दोष कोणाचा हे विचारायचे की माणूस सावरायचा, या दोन वाटांपैकी त्यांनी कोणती धरली ते पाहा. मूल कमी गुण घेऊन घरी येते, सहकाऱ्याच्या हातून चुकीची फाइल पुढे जाते, तेव्हा आपल्यापुढेही हेच असते. चौकशी नंतर व्हावी, जरूर व्हावी, पण नंतर.

अपयशाच्या अभ्यासाचे एक उदाहरण आपल्या घरचेही आहे आणि परीक्षा देणाऱ्या मुलांना ते लवकर पटते. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक यान चंद्रावर आदळले. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने यश कसे मिळेल याच्यापेक्षा काय काय बिघडू शकेल हे धरून रचना केली. उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती ती सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली, इंधन वाढवले, पाय मजबूत केले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान अलगद उतरले. दहावीच्या मुलांना मी एवढेच सांगतो की 'अभ्यास करीन' असे वेळापत्रकात लिहिण्याआधी, तो कोणत्या दिवशी आणि कशामुळे चुकेल ते लिहा, आणि त्या दिवसासाठी जागा मोकळी ठेवा.

एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक बातमीतून धडा काढण्याची घाई करू नये. युद्धात मेलेल्या मुलांच्या, उपासमारीच्या, अत्याचाराच्या बातम्या आपल्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी घडलेल्या नसतात. अशा वेळी मदत करता येत असेल तर करावी, येत नसेल तर गांभीर्याने वाचावे आणि गप्प राहावे. दुसऱ्याचे दुःख पाहून 'आपले किती बरे आहे' असे समाधान मानणे मला फारच उथळ वाटते, आणि मुलांना ती सवय लागू नये म्हणून मी जपतो. तसेच, झोपण्यापूर्वी अशा बातम्या एकामागून एक पाहत राहणे कोणाच्याच हिताचे नाही; आमच्या धावपटूंना तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या पायांत जाणवतो.

आपल्यासाठी व्यवहारात सांगायचे तर आठवड्याला एक बातमी पुरे. सोमवारी किंवा मंगळवारी ती निवडावी, जाता-येता तिचे सविस्तर वृत्तांत वाचावेत, एका साध्या वहीत डाव्या पानावर त्या माणसाने नेमके काय केले ते एका वाक्यात लिहावे, आणि उजव्या पानावर त्याच मापाचे आपण काय करणार ते लिहावे. डाव्या पानावर 'जिद्द', 'आत्मविश्वास' असे शब्द येऊ लागले तर बातमी अजून पुरी वाचलेली नाही असे समजावे. तिथे 'आईला फोन केला', 'बॅग सोडून दिली', 'घर सोडवून दिले' अशी क्रिया हवी. उजवे पान रिकामे राहिले तरी चिंता करू नये, काही बातम्या फक्त वाचण्यासाठी असतात.

मुलीला वही लावून देऊ नका. या वयात तिला ते गृहपाठ वाटेल. तिच्यासाठी मी शेफाली वर्माची हकिकत निवडीन. विश्वचषकासाठी निवडलेल्या संघात शेफाली नव्हती, राखीव खेळाडूंतही तिचे नाव नव्हते. सलामीची प्रतिका रावल स्पर्धेत तीनशेहून अधिक धावा करून ऐन वेळी जखमी झाली आणि शेफालीला बोलावणे आले. त्या वेळी ती हरयाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होती. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर ठरली. प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून विजयाच्या जल्लोषात सामील झाली. ही हकिकत सांगताना 'बघ, तुलाही संधी मिळेल' असे मात्र म्हणू नका, कारण ते आपल्या हातात नाही आणि नववीतल्या मुलीला ते लगेच कळते. तिला एवढेच विचारा की निवड झाली नाही त्या आठवड्यांत शेफाली काय करत होती, आणि जखमी झाल्यावरही प्रतिका मैदानावर का आली असेल. मग तिच्या संघातल्या राखीव मुली सामना चालू असताना बाहेर बसून काय करतात, ते तिच्याकडून समजून घ्या. खो-खोमध्ये पळती खेळाडू कोणत्या बाजूला हुलकावणी देते, दुसऱ्या डावात कोण दमते, हे चौकोनाबाहेर बसलेल्या मुलीला आतल्या मुलींपेक्षा स्वच्छ दिसते, आणि चांगले प्रशिक्षक मध्यंतरात तिलाच विचारतात. पुढच्या सामन्याला शक्य असेल तर आपणही जाऊन तिच्या शेजारी बसा आणि तिला काय दिसते ते तिला सांगू द्या.